शिकवणी संपणार कधी?

लेखमाला : वेगळी वही – भाग ६

स्वमग्न मुलाला शिकवायला बसण्याआधीची तयारी गेल्या आठवड्यात पाहिली : पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची फडफड, टेबलावरचा पसारा. आता प्रत्यक्ष शिकवणीकडे वळू.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांनी उभा केलेला 'टीच' हा कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर चालतो. त्यातली कामाची मांडणी चार प्रश्नांवर बेतलेली आहे. काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं ओळखायचं आणि त्यानंतर काय? ही उत्तरं कुणी न सांगता, नुसतं समोर बघून मुलाला कळली पाहिजेत. आपल्याकडच्या शिकवणीत पहिल्याचं उत्तर मिळतं. बाकीच्या तिन्हींच्या नावानं बोंब.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. डावीकडे एक ताटली, तिच्यात चार कार्डं, प्रत्येकावर एक गणित. उजवीकडे रिकामा डबा. गणित सुटलं की मुलानं स्वतःच्या हातानं कार्ड डब्यात टाकायचं. ताटली रिकामी, काम संपलं. शेजारी चित्रांची पट्टी चिकटवायची : गणित, वाचन, झोका.

घोळ होतो तो इथेच. चौथं कार्ड डब्यात पडलं की बाई खुशीत येतात. "वा, छान जमतंय, आता हे एक शेवटचं!" म्हणत पाचवं पुढे सरकवतात. हेतू चांगलाच असतो, पण मुलाच्या लेखी ठरलेलं मोडलेलं असतं. ते किंचाळतं, कार्ड फाडतं आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. शब्द आपण फिरवला, हट्टी मात्र ते! चार म्हटलं की चारच.

स्वतःच्या पेन्सिलीवरही नजर ठेवा. ७, ९, १२ असे पर्याय समोर असले की शिकवणाऱ्याची पेन्सिल नकळत बरोबर उत्तरापाशी रेंगाळते. मग मूल बेरीज सोडून पेन्सिल वाचायला शिकतं. घरी सगळं बरोबर आणि शाळेत सगळं चूक, असं दिसलं तर आधी हे तपासा. मदत जरूर करावी, पण ती कमी कशी करत न्यायची हेही आधीच ठरवावं : आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसतं शेजारी बसून.

लोकलचं वेड असलेल्या मुलाला वेळेची वजाबाकी कर्जत-कसाऱ्याच्या वेळापत्रकावरूनच शिकवावी. पुस्तकातल्या घड्याळावाचून काही अडत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. उत्तर येईना म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलात, तर मुलापुढे आता दोन प्रश्न असतात.

परीक्षेतही असा जादा वेळ मागता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते हाती यायला वेळ जातो. त्यामुळे मूल नववीत असेल, तर दहावीची वाट न पाहता आत्ताच शाळेत चौकशी करा. बाकीचं पुढच्या आठवड्यात.