मेंदू-प्रशिक्षण आणि अवधान-न्यूनता : अध्ययन संक्रमणाच्या दृष्टीने एक विवेचन
(जोगेश्वरी उपनगराच्या संदर्भात)

प्रस्तावना

जोगेश्वरी पूर्वेला स्थानकाबाहेर पडून मजासवाडी किंवा मेघवाडीच्या दिशेने चालू लागले की खाजगी शिकवणी वर्गांचे फलक दिसू लागतात. दहावी-बारावीतील गुणवंतांची छायाचित्रे, अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधारणा हा जुना मजकूर त्यांवर असतोच. त्यात मुंबईच्या सर्वच उपनगरांत एका नव्या मजकुराची भर पडली आहे. मुलांची एकाग्रता वाढविणे, स्मरणशक्ती विकसित करणे, मेंदूला 'व्यायाम' देणे अशा स्वरूपाची आश्वासने आता खेळाच्या, संगणकीय सरावाच्या किंवा डोक्याला लावावयाच्या उपकरणांच्या रूपाने विकली जातात. या वर्गांकडे वळणाऱ्या पालकांत केवळ महत्त्वाकांक्षी पालक नसतात. मूल एका जागी बसत नाही, वही पूर्ण करीत नाही, सांगितलेले विसरते, म्हणून शाळेतून वारंवार चिठ्ठी येणारे पालकही त्यांत असतात. त्यांच्यापैकी काहींच्या मुलांना 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार' असण्याची शक्यता असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा विकार 'एडीएचडी' या नावाने परिचित आहे.

अशा मुलांना मेंदू-प्रशिक्षणाचा खरोखर कितपत उपयोग होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न वैद्यकशास्त्राचा वाटला तरी त्याचे मर्म शिक्षणशास्त्रात आहे, आणि म्हणूनच तो प्राध्यापकवर्गासमोर मांडणे उचित ठरते.

विकाराचे स्वरूप

चंचल असणे हा बालवयाचा स्वभाव आहे. तो विकार नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार (२०१३) अवधान-न्यूनतेच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलता-आवेगशीलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे निदान सहा महिने टिकून असावी लागतात. वय सतरा किंवा अधिक असल्यास पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत आणि ती घर व शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी आढळावीत, असाही निकष आहे. मूल केवळ गणिताच्याच तासाला चुळबूळ करीत असेल, तर दोष मुलात शोधण्यापूर्वी गणिताच्या तासाकडे पाहणे योग्य.

जोगेश्वरीच्या संदर्भात या निकषांचे महत्त्व अधिक आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका प्रथम २२५ चौरस फुटांची होती. २००८ मध्ये ती २६९ आणि २०१८ मध्ये ३०० चौरस फुटांची झाली. पाच-सहा माणसांच्या कुटुंबात तेवढ्याच जागेत स्वयंपाक, दूरदर्शन संच, पाहुणे आणि अभ्यास सामावतो. रात्रपाळीहून परतलेला पिता दिवसा झोपतो, म्हणून मूल जिन्यात बसून लिहिते. अशा मुलाचे लक्ष विचलित होत असेल, तर त्याचे कारण मेंदूत आहे की जिन्यात, हे एका भेटीत सांगता येत नाही. अपुरी झोप, रक्तक्षय, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांपैकी कशानेही मूल 'लक्ष देत नाही' असे दिसू शकते. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने अध्ययन अक्षमतेविषयी मोठी जागृती केली, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्यानंतर प्रत्येक अस्वस्थ मुलाला त्या चित्रपटाचे नाव चिकटविण्याची सवयही शिक्षकखोल्यांना लागली. तो चित्रपट डिस्लेक्सियाविषयी होता, अवधान-न्यूनतेविषयी नव्हे. दोन्ही अडचणी एकाच मुलात पुष्कळदा एकत्र आढळतात, ही गोष्ट वेगळी.

एका जुन्या वादाची नवी आवृत्ती

मेंदू-प्रशिक्षणाचा युक्तिवाद असा : अवधान टिकविण्यासाठी 'कार्यरत स्मृती' लागते. कार्यरत स्मृती म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता. अवधान-न्यूनता असलेल्या अनेक मुलांत ती दुबळी असते. म्हणून तिला सराव दिला, तर ती बळकट होईल आणि मग वर्गातील वर्तन, वाचन, गणित हे सारे आपोआप सुधारेल. दंडाला व्यायाम दिला की तो दंड कोणतेही ओझे उचलू शकतो, तसेच मेंदूचे, असा हा दृष्टान्त आहे.

बी.एड.च्या अभ्यासक्रमातून गेलेल्या वाचकास हा दृष्टान्त ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकातील 'औपचारिक शिस्ती'चा सिद्धान्त नेमका हेच सांगत असे. लॅटिन आणि भूमिती शिकल्याने मन घडते, मग ते कोठेही चालते, असे युरोपात मानले जाई. आपल्याकडेही पाढे आणि संस्कृत विभक्तींच्या पाठांतराचे समर्थन याच भाषेत होत आले. १९०१ मध्ये थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी हा दावा प्रयोगाने तपासला. विशिष्ट आकाराच्या आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव प्रयुक्तांना देण्यात आला. त्यात ते तरबेज झाले, परंतु वेगळ्या आकारमानाच्या व वेगळ्या घाटाच्या आकृत्यांबाबत प्रगती फारच थोडी दिसली. ठराविक अक्षरे असलेले शब्द छापील मजकुरातून शोधून खोडण्याचा सरावही त्यांनी तपासला. अक्षरे बदलली की कौशल्याचा मोठा भाग नाहीसा होई. यातूनच थॉर्नडाइकचा 'समान घटक सिद्धान्त' आकारास आला : दोन कृतींत जेवढे घटक समान, तेवढेच अध्ययन संक्रमण.

अक्षरे खोडण्याची ही कृती अवधान मोजण्यासाठी मानसशास्त्रात आजही वापरली जाते. म्हणजे अवधानाचा सराव आणि त्याचे संक्रमण हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. आजच्या विक्रेत्यांनी तो नव्याने विचारला. उत्तर मात्र जुने वाचले नाही.

संशोधन काय सांगते?

या क्षेत्रातील सर्वांत परिचित अभ्यास स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचे टॉर्केल क्लिंगबर्ग व सहकाऱ्यांचा (२००५). सात ते बारा वर्षे वयाच्या ५३ मुलांनी त्यात भाग घेतला. पडद्यावर एकामागून एक उजळणाऱ्या चौकटींचा क्रम लक्षात ठेवून तो पुन्हा दाखवावयाचा, आणि यश मिळत गेले की क्रम लांबत जावयाचा, अशा प्रकारचा हा सराव होता. तुलनेच्या गटाला तोच सराव, पण काठिण्य न वाढविता, देण्यात आला. प्रायोगिक गटाची कार्यरत स्मृती वाढली आणि पालकांनी दिलेल्या गुणांकनात लक्षणेही घटली. शिक्षकांच्या गुणांकनात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हा शेवटचा निष्कर्ष जाहिरातींतून क्वचितच वाचावयास मिळतो.

त्यानंतरच्या संशोधनाने हीच भेग रुंद केली. मेल्बी-लेर्व्हाग व ह्यूम यांनी २०१३ मध्ये कार्यरत स्मृतीच्या प्रशिक्षणाविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सराव केलेल्या कृतीशी मिळत्याजुळत्या कृतींत तात्पुरती सुधारणा होते, परंतु वाचन, अंकगणित किंवा अवधान यांपर्यंत ती पोहोचल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असे त्यांना दिसले. कॉर्टेसी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केवळ अवधान-न्यूनता असलेल्या मुलांवरील १६ यादृच्छिक चाचण्या, एकूण ७५९ मुले, एकत्र अभ्यासल्या. उपचार कोणाला मिळाला हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या गुणांकनात सुधारणा दिसली. ज्यांना ते ठाऊक नसण्याची शक्यता होती, त्यांच्या गुणांकनात ती बरीच ओसरली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एका संगणकीय खेळास उपचार म्हणून मान्यता दिली, तेव्हा वृत्तपत्रांत बराच गाजावाजा झाला. त्यामागील चाचणीत ३४८ मुले होती. दररोज २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे खेळ. म्हणजे एकूण आठ तासांहून थोडे अधिक. संगणकावरील अवधान-चाचणीत या मुलांची प्रगती तुलनेच्या गटापेक्षा अधिक झाली. परंतु पालकांनी नोंदविलेल्या लक्षणांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले, आणि तुलनेचा गट केवळ शब्दखेळ खेळत होता! पडद्यावरील सरावाने पडद्यावरील चाचणी सुधारावी, यात थॉर्नडाइकला काहीच नवल वाटले नसते.

न्यूरोफीडबॅकची कथा याहून बोलकी आहे. डोक्याला संवेदक लावून मेंदूतील विद्युत्-लहरी पडद्यावर दाखवावयाच्या आणि मुलाने त्या हव्या त्या दिशेने वळविल्या की बक्षीस द्यावयाचे, असे हे तंत्र आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींना खरे आणि काहींना छद्म न्यूरोफीडबॅक देण्यात आले. कोणास काय मिळते हे पालक, शिक्षक व उपचारक यांपैकी कोणासही माहीत नव्हते. ३८ सत्रांनंतर दोन्ही गटांतील मुले पालक-शिक्षकांच्या मते सुधारली होती, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले होते. जोगेश्वरीतील एखाद्या आईने धुणीभांड्याची कामे सांभाळून ३८ वेळा रिक्षाने मुलाला उपनगरांतील एखाद्या केंद्रात नेले, तर त्या खर्चाचा हिशेब या निष्कर्षासमोर मांडून पाहावा.

मग पालकांना फरक का दिसतो?

पालक खोटे बोलतात असे मुळीच नाही. वर्गाचा पत्ता शोधला जातो तो बहुधा सहामाहीचा निकाल लागल्यावर किंवा मुख्याध्यापकांचे बोलावणे आल्यावर, म्हणजे अडचण शिगेला पोहोचलेली असताना. शिगेवरून गोष्टी बहुधा खालीच येतात. संख्याशास्त्र यास 'मध्याकडे परागमन' म्हणते. दरम्यान मूल काही महिन्यांनी मोठे होते. शिवाय रोज अर्धा तास कोणी मोठे माणूस त्याच्याजवळ बसते, रागावत नाही, छोट्या यशाची दखल घेते. मुलाविषयी घरातले बोलणे बदलते. हा शेवटचा परिणाम खरा आहे आणि मोलाचाही आहे. केवळ त्याचे श्रेय उपकरणास जाते आणि शुल्कही त्यासच मिळते.

या बाजारात सरळसरळ फसवणूकही आहे, तिची वेगळी नोंद केली पाहिजे. गेल्या दशकात 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या कार्यशाळा महाराष्ट्रभर झाल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुले रंग ओळखतात, वाचतात, असे त्यांत दाखविले जाई. नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसते, एवढेच त्यामागचे रहस्य, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ते उघडही केले. मुलाला लबाडी शिकवून एकाग्रतेचे प्रमाणपत्र देण्याचा हा प्रकार वरील संशोधनाच्या पंक्तीत बसत नाही. अमेरिकेतही २०१६ मध्ये 'ल्युमॉसिटी' या मेंदू-खेळांच्या कंपनीस फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून संघीय व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

ज्याचा पुरावा आहे ते

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्रीय अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने उपचार झाले. मुख्य लक्षणांबाबत काळजीपूर्वक देखरेखीखालील औषधोपचार केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो. भारतात मेथिलफेनिडेट हे औषध गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या अनुसूचीत असल्यामुळे ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही, आणि 'नशेचे औषध' ही भीती पालकांच्या मनात घर करते. खेळाला ही भीती नाही. मेंदू-प्रशिक्षणाच्या लोकप्रियतेचे हे एक कारण असावे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. पालकांच्या भीतीची थट्टा करून ती जात नाही. डॉक्टरांनी औषधाची मात्रा, भूक व झोपेवरील परिणाम आणि देखरेख यांविषयी शांतपणे बोलल्यानेच ती कमी होते.

समान घटक सिद्धान्ताचा व्यवहारातील अर्थही येथेच सापडतो. वर्गात लक्ष हवे असेल, तर सराव वर्गातच द्यावा लागतो. दोन-तीन नेमकी उद्दिष्टे लिहिलेली दैनिक नोंदपत्रिका ('तासाला वही उघडली', 'प्रश्न पूर्ण वाचून उत्तर लिहिले'), तिच्यावर शिक्षकाची सही आणि घरी त्याच दिवशी मिळणारे छोटेसे बक्षीस, ही वर्तनोपचारातील जुनी, पुराव्याने टिकलेली पद्धत आहे. तिला कागदाखेरीज खर्च नाही. साठ मुलांच्या वर्गात ती चालविणे शिक्षकास जड जाते, हे खरे. परंतु ती साठ मुलांसाठी चालवावयाची नसते.

कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी

किशोरवयात धावपळ, उड्या मारणे कमी होते आणि म्हणून विकार गेला असे समजले जाते. प्रत्यक्षात नियोजन न जमणे, प्रकल्प शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलणे, प्रश्नपत्रिकेतील अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिणे, ओळखपत्र वारंवार हरविणे या रूपात तो उरतो. मुली अनेकदा शाळेत शांत बसलेल्या असल्याने त्यांचे निदान झालेलेच नसते. अकरावीच्या शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात अशा विद्यार्थ्यास 'आळशी' हे एकच नाव मिळते. संशय आल्यास प्राध्यापकाने निदान करू नये. शाळेतील जुनी प्रगतिपत्रके व त्यांवरील शेरे शोधून पालकांसह विद्यार्थ्यास मानसोपचार विभागाकडे पाठवावे. बाराव्या वर्षापूर्वीचा पुरावा त्या प्रगतिपत्रकांतच असतो. जोगेश्वरीकरांसाठी महापालिकेचे विलेपार्ल्यातील कूपर रुग्णालय त्या दृष्टीने जवळचे आहे. २०१५ पासून त्यास वैद्यकीय महाविद्यालय संलग्न आहे.

एक प्रशासकीय बाब येथे लक्षात ठेवावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अवधान-न्यूनतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे ज्या विद्यार्थ्यास दोन्ही अडचणी आहेत, त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी वेळेत झाली नाही, तर परीक्षेतील वाढीव वेळेसारख्या सवलतीचा मार्ग त्याच्यासाठी अवघड होतो. ही तपासणी एका दिवसात होत नाही. बारावीचे आवेदनपत्र भरण्याच्या आठवड्यात तिची आठवण होण्यापेक्षा अकरावीच्या पहिल्या सत्रातच वर्गशिक्षकाने पालकांशी बोललेले बरे.