पिकलबॉल: जोरात मारूनही आपण का हरतो?

आजचा एपिसोड पिकलबॉलवर आहे, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

मी लहानपणापासून बॅडमिंटन खेळतोय. त्यामुळे पहिल्या रविवारी सोसायटीच्या कोर्टवर उतरलो तो स्मॅश मारायच्या तयारीनेच. समोर साठीचे काका-काकू. निकाल? ११-३. हरलो मी! वर माझा एक बॉल थेट काकांच्या चष्म्यावर बसला. नशिबाने लागलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ग्रुपवर 'एक प्लेअर हवाय' असा मेसेज आला, मी 'येतो' लिहिलं, आणि कुणी उत्तरच दिलं नाही.

शेवटी मीच जाऊन सॉरी म्हटलं. काका म्हणाले, "अरे, जोर नंतर लाव. बॉल कुठल्या उंचीवरून मारतोयस, ते आधी बघ."

सगळा खेळ या वाक्यात आहे. कसा, ते बघू.

पिकलबॉल १९६५ मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर, एका घरच्या बॅडमिंटन कोर्टवर सुरू झाला. म्हणून कोर्टचं माप आजही तेच आहे, ४४ बाय २० फूट. नेट मात्र खाली, मध्यभागी ३४ इंच आणि कडेला ३६. नेटच्या दोन्ही बाजूंना ७-७ फुटांची पट्टी असते, तिला म्हणतात 'किचन'. किचनमध्ये उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही. म्हणजे नेटला चिकटून स्मॅश मारायची सोयच नाही.

आता विचार करा. बॉल नेटच्या उंचीपेक्षा खाली आहे, तर तो आधी वर उचलावाच लागणार. तिथून जोर लावला की दोनच गोष्टी होतात: बॉल नेटमध्ये, नाहीतर कोर्टबाहेर. बॉल नेटच्या वर असेल, तरच जोर कामाचा. म्हणून हुशार प्लेअर एकच गोष्ट करतो. समोरच्याला सतत खालून मारायला लावतो, आणि कुणाचा तरी बॉल वर उठायची वाट बघतो.

त्यासाठी दोन शॉट.

पहिला, डिंक. किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये हळूच टाकलेला बॉल. शक्यतो तिरका टाका. सरळ टाकलात तर दोन्ही किचनच्या रेषांमध्ये फक्त १४ फूट मिळतात. कोपऱ्यातून कोपऱ्यात जवळपास २४. शिवाय बॉल नेटच्या मधल्या, खालच्या भागावरून जातो. चुकायला जागा जास्त!

दुसरा, थर्ड शॉट ड्रॉप. सर्व्हिस आणि तिचा रिटर्न, दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे असतात. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी नेटजवळ पोचते. अशा वेळी तिसरा शॉट जोरात मारलात, तर ते उभ्या उभ्या परत ठोकतात. त्याऐवजी बॉल कमानीसारखा उचला. त्याचा सगळ्यात उंच बिंदू आपल्याच बाजूला हवा, म्हणजे नेट ओलांडताना तो खाली येत असतो. तेवढ्या वेळात तुम्ही १५ फूट पुढे, किचनच्या रेषेपर्यंत येऊ शकता.

हाताचं काय? पॅडल घट्ट आवळू नका. दहापैकी तीन-चार एवढीच पकड. मनगट स्थिर, हालचाल खांद्यातून, आणि पॅडल कायम छातीसमोर. कुणी अंगावर जोरात मारलं तरी पकड सैल ठेवा. बॉल पॅडलवर मरतो आणि किचनमध्ये पडतो.

प्रॅक्टिस सोपी आहे. दोघांनी किचनच्या रेषेवर उभं राहायचं आणि तिरके डिंक मोजायचे. सलग २० झाले की पुढे. मला पहिल्या दिवशी सहाच जमले होते.

आणि हो, वर आलेला बॉल जरूर मारा, पण पायांकडे किंवा दोघांच्या मधल्या जागेत. तोंडाकडे नाही. तिथे रिटर्न करणं अवघड जातं आणि कुणाच्या डोळ्यालाही धोका नाही. डोळ्यांसाठी स्पोर्ट्स गॉगल मिळतात, ते वापरा.

गेल्या रविवारी पुन्हा काका-काकूंशीच मॅच झाली. ११-९. हरलोच! पण रात्री ग्रुपवर काकूंचा मेसेज आला: 'पुढच्या रविवारी सातला ये, उशीर करू नकोस.'

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत २० डिंक जमतात का बघा, आणि कमेंटमध्ये आकडा खरा सांगा!