काडी, बेचकं, फुली : रोमन आकडे वाचायला शिकू या



बैठकीत कागदपत्रांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते इंग्रजीत आहे, मला नाही वाचता येत." पण कागदावरचं जे जे इंग्रजीसारखं दिसतं, ते सगळं इंग्रजी नसतं. काही ठिकाणी ते नुसते आकडे असतात, जुन्या पद्धतीने लिहिलेले. त्यांना रोमन आकडे म्हणतात. ते वाचायला एबीसीडी यायची गरज नाही. तीन खुणा आणि एक नियम समजला की बारापर्यंतचे सगळे आकडे वाचता येतात. गटाची हिशोब वही लिहायला शिकताना जेवढा त्रास झाला, त्याच्या पावपटही होणार नाही.

हे आकडे भेटतात कुठे?

पहिलं ठिकाण भिंतीवरचं घड्याळ. अनेक घड्याळांवर १, २, ३ नसतात, रोमन आकडे असतात.

दुसरं, मुलांच्या शाळेचे कागद. निकालपत्र, दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत असेल तर इयत्ता बऱ्याचदा रोमन आकड्यात लिहिलेली असते. पाचवीच्या बालभारतीच्या गणितात तर या आकड्यांचा धडाच आहे. पोराने "आई, हे बघ ना" म्हटलं की आपण त्याला बाबांकडे पाठवतो. आता पाठवायला नको.

तिसरं ठिकाण सर्वांत महत्त्वाचं, ते म्हणजे जमिनीचे कागद. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. मराठी उताऱ्यावर हे आकडे आपल्याला वाचता येतात. पण इंग्रजी अर्जात किंवा बँकेने दिलेल्या कागदपत्रांच्या यादीत हेच नमुने रोमन आकड्यांत येतात. यात चूक झाली तर काय होतं ते पुढे पाहू.

तीन खुणा

आता खराट्याच्या चार-पाच काड्या घ्या. वाचता वाचता जमिनीवर मांडत जा.

एक काडी उभी ठेवा. ही झाली १. हिला आय म्हणतात. आपण नुसतं 'काडी' म्हणू.

दोन काड्या खाली टोकाला जोडा, वर उघड्या ठेवा. पोरं चिंचा पाडायला बेचकी करतात ना, तसं दिसेल. हे झाले ५. याचं नाव व्ही. आपण 'बेचकं' म्हणू.

दोन काड्या एकमेकींवर आडव्या-तिडव्या टाका. ही फुली. ही झाली १०. हिचं नाव एक्स.

एवढ्याच तीन खुणा. पाच लक्षात ठेवायचे असतील तर हाताचा पंजा बघा. अंगठा एका बाजूला आणि चार बोटं एकत्र दुसऱ्या बाजूला केली की बेचकं दिसतं, आणि बोटंही पाचच.

नियम एकच, आणि तो आपल्या बोलण्यात आहेच

मोठ्या खुणेच्या नंतर, म्हणजे उजवीकडे, लहान खूण आली तर ती मिळवायची. बेचकं आणि मग काडी म्हणजे पाच अधिक एक, सहा.

मोठ्या खुणेच्या आधी, म्हणजे डावीकडे, लहान खूण आली तर ती वजा करायची. काडी आणि मग बेचकं म्हणजे पाचाला एक कमी, चार.

"आधी आली तर वजा" हे कित्येकींना विचित्र वाटतं. पण आपण रोज हेच करतो. एकोणीस म्हणजे काय? वीसला एक उणा. एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा. पावणेदहा वाजले म्हणजे दहाला पाव तास कमी. किती कमी ते आधी सांगायचं आणि मग मोठा आकडा बोलायचा, ही मराठीची सवयच आहे. रोमन आकड्यात नऊ लिहिताना काडी आधी आणि फुली नंतर येते. मनात म्हणा, "एक उणा दहा". झालं.

हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी एक लक्षात ठेवावं. आपल्या कीर्दीत जमा डावीकडे असते. इथे उलट आहे, डावीकडचं वजा आणि उजवीकडचं जमा.

आता बारापर्यंत मांडून बघा :

१ – काडी
२ – दोन काड्या
३ – तीन काड्या
४ – काडी, मग बेचकं
५ – बेचकं
६ – बेचकं, मग काडी
७ – बेचकं, मग दोन काड्या
८ – बेचकं, मग तीन काड्या
९ – काडी, मग फुली
१० – फुली
११ – फुली, मग काडी
१२ – फुली, मग दोन काड्या

यातून आणखी दोन गोष्टी दिसतात. एकच खूण ओळीने तीनदाच येते, चौथ्यांदा नाही. म्हणून चार लिहायला बेचक्याचा आधार घेतला. आणि बेचकं कधी दोनदा येत नाही, कारण दोन बेचकी म्हणजे दहा आणि दहासाठी फुली आहे.

बाराच्या पुढेही असंच. आधी फुली मांडायची, मग उरलेला आकडा. चौदा म्हणजे फुली, आणि नंतर चार (काडी, बेचकं). वीस म्हणजे दोन फुल्या.

घड्याळ बघताना

घड्याळात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, बऱ्याच घड्याळांवर चारच्या जागी सरळ चार काड्या असतात. घड्याळ बनवणाऱ्यांची ती जुनी पद्धत आहे, घड्याळ चुकीचं नाही. दुसरं, खालच्या बाजूचे आकडे उलटे दिसतात, कारण सगळ्या आकड्यांचे पाय मधल्या खिळ्याकडे असतात. त्यामुळे सहाचं बेचकं पालथं दिसतं. गोंधळ झाला तर बारापासून मोजत या. जागा तर बदलत नाहीत.

एका काडीने काय बिघडतं?

आता जमिनीच्या कागदांकडे येऊ. हे चार नमुने नीट पाठ करा.

सहा (बेचकं, काडी) : फेरफार नोंदवही. वारस, खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र यामुळे जमिनीच्या हक्कात जो बदल होतो, तो आधी इथे नोंदवला जातो.

सात (बेचकं, दोन काड्या) : जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणता बोजा आहे ते यात कळतं. फेरफार प्रमाणित झाला की इथे नाव चढतं.

बारा (फुली, दोन काड्या) : पिकांची नोंद.

आठ-अ (बेचकं, तीन काड्या आणि पुढे ए हे अक्षर) : एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, त्याचा उतारा.

सात आणि आठ यांत फरक फक्त एका काडीचा. समजा बँकेच्या यादीत आठ-अ मागितला आहे आणि आपण दोन काड्या समजून सातबाराच घेऊन गेलो. साहेब म्हणणार, "अपुरं आहे, उद्या या." एक दिवसाची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचं भाडं गेलं आणि कर्जाचं प्रकरण मागे पडलं. वारसाने स्वतःचं नाव लावायला निघालेल्या ताईने तर सहा आणि सात ओळखायलाच हवेत. फेरफार क्रमांक मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. सातवर नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

शाळेच्या कागदात असाच धोका नऊ आणि अकरा यांचा आहे. खुणा त्याच, एक काडी आणि एक फुली. काडी आधी असेल तर नववी, नंतर असेल तर अकरावी. मुलीच्या अर्जावर नववीच्या जागी अकरावी पडलं तर अर्ज परत येऊ शकतो. दुसऱ्याने भरून दिलेला अर्ज असला तरी सही करण्याआधी ही जागा बघा. सहावी आणि चौथीचंही तसंच आहे.

हिशोबात मात्र रोमन आकडे नकोत

शिकल्यावर हौस येते, म्हणून आधीच सांगते. गटाच्या वहीत, पावतीवर, पैसे काढायच्या स्लिपवर रोमन आकडे कधीच लिहू नका. याला दोन कारणं आहेत.

पहिलं, या पद्धतीत शून्य नाही आणि एकक, दशक, शतक अशी घरंही नाहीत. आपले ३८ दोन अंकांत लिहून होतात. रोमनमध्ये तीन फुल्या, एक बेचकं, तीन काड्या, अशा सात खुणा लागतात. अशा आकड्यांची खालीखाली मांडून बेरीज कशी करणार? युरोपातले व्यापारीही याला कंटाळले. भारतात घडलेली शून्य आणि दशमान पद्धत अरबांमार्फत तिकडे पोचली. इटलीच्या फिबोनाची नावाच्या गणितज्ञाने १२०२ साली पुस्तक लिहून ती व्यापाऱ्यांना समजावून सांगितली. म्हणजे ज्या अंकांनी आपण बचत लिहितो, ते जगाने आपल्याकडून घेतले आहेत.

दुसरं कारण खाडाखोडीचं. सातच्या पुढे एक काडी ओढली की आठ होतात. त्यामुळे पूर्वी तिकडचे लोक शेवटची काडी खाली लांब ओढून वळवत, म्हणजे आकडा इथे संपला हे कळे. आपले अंकही याबाबतीत निर्धास्त नाहीत, १०० पुढे शून्य दिलं की १००० होतात. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १२९९ साली सराफांच्या संघटनेने हिशोबाच्या वहीत नव्या अंकांना बंदी घातली आणि रक्कम अक्षरात लिहायला लावली. आपण रकमेपुढे तिरकी रेघ मारतो, अक्षरी रक्कम लिहून शेवटी 'फक्त' लिहितो, त्यामागे हीच काळजी आहे. ती सवय कोणत्याही बैठकीत सोडू नका.

पन्नास आणि पुढचे, हौस असेल तर

पन्नासला एल, शंभरला सी, पाचशेला डी, हजारला एम ही अक्षरं आहेत. क्रिकेटमधली सेंच्युरी शंभराची, तिचं पहिलं अक्षर सी, हे लक्षात ठेवलं की शंभर विसरणार नाही.

महालक्ष्मी सरसच्या निमित्ताने मुंबईला गेलात तर गेटवे ऑफ इंडिया बघायला जालच. त्यावर वरती इंग्रजी मजकूर कोरला आहे. पाचवा जॉर्ज राजा भारतात उतरला त्याची ती आठवण आहे. त्यातला 'पाचवा' म्हणजे आपलं बेचकंच. आणि शेवटी साल आहे, एम, सी, एम, एक्स, आय. एम म्हणजे हजार. सी हे एमच्या आधी आलंय, म्हणून शंभर उणा हजार, नऊशे. मग फुलीचे दहा आणि काडीचा एक. झाले १९११. नियम तोच, "आधी आली तर वजा".

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत जमा झाल्यावर पंधरा मिनिटं ठेवा. प्रत्येकीने पाच-सहा काड्या आणायच्या. एकीने आकडा बोलायचा, बाकीच्यांनी मांडायचा. चार-सहा आणि नऊ-अकरा या जोड्या चार-पाचदा तरी घ्या. पाचवी-सहावीतली एखादी मुलगी आली असेल तर तपासायचं काम तिला द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्या मावशींनीही बसायचं, कारण काडी मांडायला पेन लागत नाही.

सरावासाठी :

(१) फुली, बेचकं
(२) फुली, काडी, बेचकं
(३) फुली, काडी, फुली
(४) भारताच्या संविधानात पंचायतींचा भाग आहे काडी, फुली. महिलांना गावच्या कारभारात राखीव जागा मिळाल्या त्या याच भागामुळे. हा कितवा भाग?

उत्तरं : (१) १५ (२) १४ (३) १९ (४) नववा