तंबूला जागा मिळेल का?

डिसेंबर लागला की आमच्या मुंबई–गोवा महामार्गावरून मोटारसायकलींचे थवे जाऊ लागतात. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव असे करत ते दक्षिणेला उतरतात. अंगात जाड जाकीट, मागच्या सीटवर दोरीने आवळलेली पिशवी आणि तिच्यावर गुंडाळी केलेला तंबू. ही मुले निघतात मेळाव्यांना. २०१३ साली गोव्यात वागातोरला ‘इंडिया बाईक वीक’ हा मेळावा सुरू झाला. पुढे बहुतेक वर्षे तो गोव्यातच भरला, २०२१ साली मात्र लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीत झाला. रॉयल एनफिल्ड कंपनीचा मेळावाही अलीकडे वागातोरलाच होतो. देशभरातून हजारो गाड्या येतात. त्या दिवसांत तिथल्या खोल्यांचे भाडे नोकरदार मुलाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून तंबू.

पेणच्या आमच्या आपाचा मुलगा अशाच एका क्लबात आहे. वडखळजवळच्या कारखान्यात नोकरी, हप्त्यावर घेतलेली बुलेट. गेल्या डिसेंबरात वागातोरला जायचे ठरले तेव्हा क्लबात अकरा जण तयार झाले. त्यांतले चार मुसलमान, बाकीचे मराठी, गुजराती, एक केरळचा ख्रिस्ती. मुंबईची मुले कामावरून सुटून दुपारनंतर निघणार, म्हणजे पहिला मुक्काम आमच्याच तालुक्यात पडणार. सगळ्यांनी त्याला सांगितले, “तुझा इलाका आहे, रात्रीची जागा तू बघ.”

आपाची वेगळीच काळजी. मेळाव्यात रात्री गाणीबजावणी असते, दारू असते, हे तिने ऐकलेले. मुलगा चोवीस वर्षांचा, अडवून अडणार नाही हेही तिला कळत होते. ती आम्हाला फोनवर म्हणाली, “गाडीची भीती नाही वाटत मला. रात्री कुठे, कुणाच्या शेजारी निजेल, ते सांग.” प्रश्न बरोबर होता. दिवसा रस्ता माणसाला सांभाळतो. रात्री कसे काय ते जागेवर असते.

कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबूंची ठिकाणे बरीच झाली आहेत. भिरा येथे टाटांचे वीजगृह १९२७ पासून चालते. मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून तिथे वीज करतात आणि तेच पाणी पुढे नदीत सोडतात. (याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे आम्ही शाळेत शिकवतो, त्या पाण्यावर आज रबरी होड्यांचा धंदा चालेल हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल.) सकाळी पाणी सुटले की होड्या निघतात. त्या होड्यांसाठी येणारे लोक रात्री काठावर तंबूत राहतात. तेव्हा जागा मिळायला अडचण नव्हती.

भाच्याने एका ठिकाणी फोन केला. मालक म्हणाला, अकरा जणांची सोय होईल, नावे आणि आधारकार्डे पाठवा. याने पाठवली. तासाभराने उत्तर आले: त्या तारखेला सगळे भरले आहे. क्लबातल्या एका मित्राला शंका आली. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने विचारले, तीच तारीख, तेवढीच माणसे. लगेच हो म्हणाले.

मालकाच्या मनात नेमके काय होते याची शपथ आम्ही घेणार नाही. एखादे बुकिंग रद्द झालेही असेल. पण भाचा त्या रात्री जेवला नाही, असे आपाने सांगितले. मित्र म्हणाला होता, “माझ्या नावावर घेऊ, तिथे गेल्यावर कोण विचारतो?” भाचा म्हणाला, “मला आतल्या तंबूत लपून झोपायचे नाही.” मग क्लबाच्या मुलांनी आपापसात बोलून ती जागा सोडली. अकराही जणांनी. हे आम्हाला नंतर कळले आणि त्या मुलांविषयी आमचे मत तिथेच बदलले.

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही संविधानाचे कलम १५ शिकवतो. त्याचा दुसरा भाग मुलांना सहसा पाठ नसतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत अटकाव करता येणार नाही, असे तिथे स्पष्ट आहे. पण “भरले आहे” या दोन शब्दांविरुद्ध कोण कुठे तक्रार नेणार, आणि तीही प्रवासाच्या चार दिवस आधी? भाचा रविवारी आमच्याकडे रोह्याला आला. म्हणाला, “मामू, फोनवर आता मी विचारणार नाही. समोर जाऊन बघू.”

तसे आम्ही निघालो. रोह्याहून कोलाड बारा किलोमीटर. पहिले ठिकाण नदीच्या अगदी काठावर, दिसायला फार सुरेख. पण पाणी सुटल्यावर किती चढते याची खूण काठावरच्या झुडपांत अडकलेल्या कचऱ्यावरून कळत होती, आणि तंबू त्या खुणेपासून हाताच्या अंतरावर. पुढच्या ठिकाणी शनिवारची तयारी म्हणून भिंतीएवढे स्पीकर लावणे चालू होते. दिवसभर गाडी चालवून, पहाटे उठून पुन्हा चारशेहून अधिक किलोमीटर जायचे, तर झोप हवी. तिसरीकडे सगळे ठीक होते, फक्त गाड्या उभ्या करायला ताजी भरावाची माती. दोनशे किलोच्या गाडीचा स्टँड अशा मातीत रात्रभर रुतत जातो आणि सकाळी गाडी आडवी. स्टँडखाली ठेवायला मुले लाकडाची चकती बाळगतात, पण दव पडून माती ओली झाली की तिचाही उपयोग नाही. हे आम्हाला भाच्याने शिकवले.

दुपार टळत आली तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आठवले. कोलाडच्या अलीकडे महामार्गापासून थोडे आत त्यांची भातशेती आणि आंब्याची बाग आहे. भात झोडून झाले होते. आम्ही सारे खरे ते सांगितले: अकरा मुले, त्यांत चार मुसलमान, स्वतःचे तंबू आहेत, जागा, पाणी आणि संडास हवा. भाऊंनी ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, दारू?” आम्ही भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “आमच्या क्लबात चालवायच्या दिवशी कुणी पीत नाही. पितात ते पोचल्यावर.” भाऊंना हे खरे उत्तर पटले असावे. “खळं रिकामं हाय. गाड्या आंब्याखाली लावा, तिथं जमीन घट्ट हाय,” ते म्हणाले. माणशी दोनशे रुपये जागेचे, जेवणाचे वेगळे.

जेवणाचा विषय काकूंनीच काढला. कोंबडी करायची तर तुमच्याकडच्या माणसाने कापलेलीच आणा, म्हणजे सगळे एका पातेल्यातले खातील. आम्ही रोह्याहून आमच्या नेहमीच्या दुकानातून आणून द्यायचे ठरले. भाच्याने पोपटीचे विचारले. काकू हसल्या. वालाच्या शेंगा भरायला अजून महिना होता. “जानेवारीत ये,” त्या म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे स्कूटरवर पोचलो. काकूंनी मुलांची नमाज असते हे लक्षात ठेवून खळ्याचा एक कोपरा शेणाने ताजा सारवून घेतला होता. कडेला दोन बादल्या पाणी. त्यांच्या घरात देवाच्या कामाला जसे करतात तसे त्यांनी आमच्यासाठी केले होते. कोकणातल्या आम्हा मुसलमानांचा मसलक बहुतेक शाफई; आमच्यात शेण नापाक मानतात. एक मुलगा काही बोलणार एवढ्यात भाच्याने त्याचा हात दाबला. शाफई फिक्हमध्ये याचे उत्तर साधे आहे: खालची जागा वाळलेली असावी आणि वर पाक चटई असावी, म्हणजे नमाज होते. मगरिबपर्यंत कोपरा खडखडीत वाळला. आम्ही घरून आणलेली सतरंजी दुहेरी करून अंथरली. काकू ओट्यावरून पाहत होत्या. आपले सारवण कामी आले याचे समाधान त्यांच्या तोंडावर होते, आणि ते खोटेही नव्हते.

इशाला गंमत झाली. प्रवाशाला चार रकअतींच्या फर्ज नमाजी दोन करण्याची सवलत आहे. सूरह अन्-निसाच्या १०१व्या आयतीत तिचा उल्लेख येतो. शाफई मताने प्रवास सुमारे ८१ किलोमीटरचा असावा, हनफी मताने सुमारे ७८. भाचा पेणहून गोव्याला निघालेला. कोलाड जवळ असले तरी इरादा लांबचा होता, आणि पेणची वस्ती सोडताच तो मुसाफिर झाला. आम्ही रोह्याचे, बारा किलोमीटरवरून आलेले; आम्हाला सवलत नाही. इमामत त्याने केली. दोन रकअतींनंतर त्याने सलाम फेरला, आणि आम्ही उभे राहून राहिलेल्या दोन पुऱ्या केल्या. केरळचा मुलगा कठड्यावर बसून पाहत होता. त्याने विचारले, “मामा, तुम्हाला जास्त का?” आम्ही म्हणालो, “आमचे घर जवळ आहे म्हणून.”

जेवताना मुलांनी त्यांच्या चालीची रीत सांगितली. सर्वांत पुढचा तो रोड कॅप्टन, त्याला कुणी ओलांडायचे नाही. सर्वांत मागचा तो स्वीप: कुणाची गाडी बंद पडली, कुणी दमला, तर थांबून त्याला घेऊन येतो. ते ऐकताना आम्हाला हदीस आठवत होत्या. तिघे प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावे, अशी शिकवण आहे. आणि प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः काफिल्याच्या मागे राहत, अशक्ताला हात देत, आपल्यामागे बसवून घेत, असे हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये येते. मुक्कामाबद्दलही सांगितलेले आहे: रात्री उतरायचे तर वाटेवर उतरू नये, कारण रात्री वाटेवरून जनावरे आणि विषारी किडे फिरतात. झोपण्यापूर्वी विस्तव विझवावा. भाऊंनीही नेमके हेच सांगितले, फक्त त्यांनी फुरशाचे नाव घेतले. तंबूची चेन उघडी ठेवू नका, बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकून घाला.

घरी परतताना आम्ही नागोठण्याच्या जुन्या दगडी पुलाविषयी बोलत होतो. अंबा नदीवरचा तो पूल सोळाव्या शतकात चौलच्या काजी अलाउद्दीन यांनी बांधला. त्या काळी कोण माणूस, कुठल्या गावचा, कोणत्या नावाचा पुलावरून जातो, हे पाहायला तिथे कुणी बसवले नव्हते. कुरआनात ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू, जकातीच्या आठ हक्कदारांत आहे. त्याच्याजवळ घरी पैसा असला तरी वाटेत तो गरजू ठरू शकतो. आमच्या मोहल्ल्यांनी मात्र मुसाफिराची सोय मशिदीच्या एका खोलीपुरती आणि तीही जमातच्या लोकांपुरती ठेवली आहे. कितीतरी घरांची अंगणे रिकामी, मुले मुंबईला आणि आखातात. आमच्याकडे सात-आठ तंबू सहज मावतील एवढे अंगण आहे, आणि भाच्याने विचारले तेव्हा ते आम्हालाही सुचले नाही. आम्ही त्याला दुसऱ्याच्या दारात घेऊन फिरलो.

गोव्यात मुलांनी वागातोरजवळ राहायचा हट्ट धरला नाही. म्हापशाच्या बाजूला आत एका घराचे अंगण त्यांना ओळखीतून मिळाले. शुक्रवारची नमाज प्रवाशाला माफ, तरी चौघे म्हापशाला जाऊन पढून आले. किनाऱ्यावर तंबू टाकून चूल पेटवण्याचा बेत एकाने काढला होता, पण २०२२ पासून गोव्यात पर्यटकांनी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंड हजारांत. तो बेत वेळीच मागे पडला. रात्रीच्या कार्यक्रमाला भाचा किती वेळ थांबला हे आम्ही विचारले नाही. आपाने विचारले असणार. तिला त्याने अंगणाचा आणि घरमालकिणीचा फोटो पाठवला होता, तो तिने आम्हाला दोनदा दाखवला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकूंचा निरोप आला, शेंगा भरल्या. पेणहून भाचा आला, मुंबईहून केरळचा मुलगा आणि आणखी तिघे. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, रताळी, मीठ-ओवा लावलेली आमच्या दुकानातली कोंबडी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. ती शिजेपर्यंत इशा झाली. सतरंजी तिथेच अंथरली, कोपरा पुन्हा सारवलेला होताच. भाचा पुढे उभा राहिला आणि सवयीने दोन रकअतींवर सलाम फेरून बसला.

“अरे,” आम्ही म्हणालो, “पेणहून कोलाड पंचेचाळीस किलोमीटर. आज तू मुसाफिर नाहीस. ऊठ, चार पढ.”