हिरड्यांची निगा

दांतांविषयीं आपल्या समाजांत एक समज फार जुना आहे. तो असा कीं, केस पिकणें, दृष्टि मंदावणें आणि दांत पडणें हीं वार्धक्याचीं तीन स्वाभाविक लक्षणें होत व त्यांपुढें मनुष्याचा इलाज चालत नाहीं. पन्नाशी उलटली कीं एकेक दांत हलूं लागतो. घरांतील मंडळी ‘आतां वय झालें’ असें म्हणून स्वस्थ बसतात. आणि जेवणाच्या पानांतून प्रथम भुईमुगाचे दाणे, मग पेरू व शेवटीं ज्वारीची भाकर हे पदार्थ एकामागून एक नाहींसे होतात.

केस व दृष्टि यांविषयीं कांहींहि असो, दांतांविषयीं हा समज बरोबर नाहीं. पिकलेलें फळ देठापासून सुटतें तसा दांत केवळ वय झालें म्हणून सुटत नसतो. तो ज्या हाडांत रोवलेला असतो तें हाड झिजतें, म्हणून तो हलतो. आणि हें हाड बहुधा झिजतें तें एका रोगानें, ज्यास आपण सामान्यतः पायोरिया म्हणतों. हा रोग पन्नाशींत डोळ्यांस दिसला तरी त्याचें बीज पुष्कळदां पंचविशी-तिशींतच पडलेलें असतें. मधलीं वीस-पंचवीस वर्षें तो निमूटपणें आपलें काम करीत असतो, कारण त्यांत ठणका फारसा नसतो. किडलेला दांत रात्रभर झोपूं देत नाहीं, म्हणून मनुष्य वैद्याकडे धांव घेतो. हिरडीचा रोग दुखत नाहीं, म्हणून दुर्लक्षिला जातो. त्याची सारी घातकता या मुकेपणांत आहे.

ज्यांस संस्कृत वैद्यकग्रंथांचा परिचय आहे त्यांस हा रोग नवा वाटणार नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील सोळावा अध्याय मुखरोगांना वाहिलेला आहे. त्यांत दांतांचे आठ रोग निराळे सांगून दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग गणिले आहेत. त्यांपैकीं ‘शीताद’ या रोगांत हिरड्यांतून अकस्मात् रक्त येतें, त्यांस दुर्गंधी येते व त्या मऊ पडतात. आणि ‘दंतवेष्ट’ या रोगांत पू व रक्त वाहून दांत हलूं लागतात. पायोरिया हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचाहि अर्थ ‘पू वाहणें’ असाच आहे. शिवाय दांतांवर जें खरखरीत, दगडासारखें कीट बसतें त्यास सुश्रुतानें ‘शर्करा’ असें समर्पक नांव देऊन, दंतमूलास इजा न होऊं देतां वैद्यानें ती काढून टाकावी, असें चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. त्यानें वर्णिलेल्या वीस शस्त्रांत ‘दंतशंकु’ नांवाचें एक शस्त्रहि आहे. तेव्हां दांत साफ करवून घेणें हें अलीकडचें शहरी खूळ आहे, असें जे म्हणतात त्यांनीं आपल्याच पोथ्या एकवार उघडून पाहाव्या.

आतां हा रोग होतो कसा, तें पाहूं. दांत कितीहि स्वच्छ घांसले तरी कांहीं तासांतच त्यांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर पुन्हां बसूं लागतो. सन १६८३ मध्यें लेव्हेनहुक या डच गृहस्थानें स्वतःच्या दांतांवरील असा थर आपल्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्यांत वळवळणारे जीव पाहून तो चकित झाला व त्यानें तें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. हा थर ओला असेपर्यंत ब्रशानें निघतो. परंतु तो तसाच राहूं दिला तर लाळेंतील कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार त्यांत मुरून थोड्याच दिवसांत त्याचा दगड बनूं लागतो. खालच्या पुढील दांतांच्या आंतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस हें कीट अधिक दिसतें, कारण लाळेच्या ग्रंथींचीं मुखें तेथें जवळ आहेत. आमच्या भागांत पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा असल्यामुळें, ‘पाणी खारें म्हणून दांतांवर खार चढतो’, असें बोललेलें ऐकूं येतें. पण कीट होण्याचे क्षार येतात ते मुख्यतः आपल्याच लाळेंतून. पाण्याला दोष देऊन ब्रश खुंटीवर ठेवण्यांत अर्थ नाहीं.

या थरामुळें हिरडीची कड प्रथम लाल होते, सुजते व ब्रश लागतांच तींतून रक्त येतें. ही पहिली पायरी. येथें हाडास धक्का लागलेला नसतो आणि स्वच्छता झाली तर हिरडी पूर्ववत् होते. सन १९६५ मध्यें डेन्मार्कमधील हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनीं दांत घांसणें मुद्दाम बंद ठेवलें. दहा ते एकवीस दिवसांच्या आंत बाराहि जणांच्या हिरड्या सुजल्या. आणि पुन्हां दांत घांसण्यास आरंभ केल्यावर सुमारें आठवड्याभरांत त्या बऱ्या झाल्या. रोगाचें कारण काय व त्याचा प्रतिबंध कशांत, हें या एका प्रयोगानें स्पष्ट केलें.

दुसरी पायरी मात्र परतीची नसते. हिरडी व दांत यांच्यामध्यें एक अरुंद खांच असते. निरोगी स्थितींत तिची खोली एक ते तीन मिलिमीटर असते. सूज टिकून राहिली कीं कित्येकांत ही खांच खोल होऊन तिचा खिसा बनतो. त्यांत कीट व जंतु सांठतात. आणि आंतील हाड हळूहळू विरघळूं लागतें. गेलेलें हाड बहुतेक वेळां पूर्ववत् भरून येत नाहीं. उपचारानें रोगाची वाट अडवितां येते, हानि भरून काढतां येईलच असें नाहीं. म्हणूनच पहिल्या पायरीवर सावध होण्यास एवढें महत्त्व.

पहिला आधार अर्थात् घरच्या आचाराचा. चरकानें सूत्रस्थानांत दंतधावन दिवसांतून दोन वेळां करण्यास सांगितलें असून, तें हिरड्यांस न दुखवितां करावें, अशी पुस्ती जोडली आहे. आजचे दंतवैद्य याहून निराळें कांहीं सांगत नाहींत : मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट, सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं प्रत्येकीं दोन मिनिटें, आणि ब्रश हिरडीच्या कडेशीं तिरपा धरून हलक्या हातानें फिरविणें. दोन दांतांमधील फटींत ब्रश पोंचत नाहीं. तेथें दोरा किंवा फटींत घालावयाचा बारीक ब्रश वापरावा. राखुंडी, वीट, मीठ, कोळसा यांनीं रगडून घांसण्याची चाल सोडावी. त्यानें दांत झिजतात व हिरड्या सोलवटतात. कांहीं घरांत एकादशीस व श्राद्धतिथीस दांत घांसीत नाहींत. शास्त्रानें त्या दिवशीं निषिद्ध मानलें तें काष्ठ, म्हणजे दांतवण, मुखशुद्धि नव्हे. तिच्यासाठीं तर पाण्याच्या बारा चुळा सांगितल्या आहेत. परंतु नुसत्या चुळेनें हा चिकट थर निघत नाहीं, आणि ब्रश हा कांहीं झाडाचा फांटा नव्हे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आचारहि राहतो व आरोग्यहि.

तथापि घरचा आचार येथवरच पोंचतो. एकदां दगड बसला कीं तो कोणत्याहि ब्रशानें, मंजनानें अगर औषधी चुळेनें निघत नाहीं. तो दंतवैद्यानेंच काढावा लागतो. वैद्य प्रथम एका बारीक खुणा केलेल्या सळईनें प्रत्येक दांताभोंवतालच्या खांचेची खोली मोजतो. जरूर वाटल्यास एक्स-रे काढून हाड पाहतो. आणि मग हातांतील हत्यारानें किंवा सूक्ष्म कंपनें पावणाऱ्या यंत्रानें कीट काढून दांत गुळगुळीत करतो. खिसे खोल असले तर भूल देऊन हिरडीखालील मूळहि साफ करावें लागतें व त्यास दोन-चार खेपा पडतात. त्यानेंहि भागलें नाहीं तरच शस्त्रक्रिया.

या सफाईविषयीं आपल्याकडे दोन शंका हटकून निघतात. पहिली, तिच्यानें दांत सैल होतात. दुसरी, दांतांत फटी पडतात. वस्तुतः झालेलें असतें तें असें : हाड आधींच झिजलेलें असतें व फटी आधींच पडलेल्या असतात, कीट मात्र त्यांत गिलाव्यासारखें भरून बसलेलें असतें. तें काढल्यावर मोडकी भिंत उघडी पडते. दोष गिलावा काढणाऱ्याचा नव्हे. कांहीं दिवस थंड पाणी लागतें, दांतांस शिवशिवतें, तें बहुधा आपोआप कमी होतें.

आणि ही सफाई एकदां करून भागत नाहीं. स्वीडनमधील कार्लस्टाड गांवीं आक्सेल्सन व लिंडे या दंतशास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत प्रौढ माणसांचे दोन गट केले. एका गटास दोन-तीन महिन्यांनीं बोलावून दांतांची सफाई व घरच्या स्वच्छतेची शिकवण दिली. दुसऱ्यास नेहमींप्रमाणें केवळ वर्षाकांठीं उपचार मिळाले. सहा वर्षांनीं दुसऱ्या गटांतील लोकांच्या हिरड्यांचा रोग वाढलेला दिसला. पहिल्या गटांत तो जवळजवळ थांबला होता. याच पहिल्या गटाचा क्रम पुढें चालू राहिला आणि तीस वर्षांनंतरहि त्यांतील लोकांचे फारच थोडे दांत गेलेले आढळले. आपल्यापैकीं निरोगी माणसानें वर्षांतून एक-दोन वेळां व पायोरियाचा उपचार झालेल्यानें तीन-चार महिन्यांनीं वैद्यास दांत दाखवावे, असा साधारण दंडक आहे. नक्की मुदत ज्याचा त्याचा वैद्य ठरवील.

कांहीं व्यक्तींनीं विशेष जपलें पाहिजे. मधुमेहांत हिरड्यांचा रोग जोरावतो आणि हिरड्यांच्या रोगानें रक्तांतील साखर आवरणें कठीण होतें. उलट हिरड्यांवर उपचार केल्यास साखरेंत थोडी पण मोजण्याजोगी सुधारणा होते. गरोदरपणीं हिरड्या लवकर सुजतात. त्या काळांत सफाई करून घेण्यास हरकत नसते व मधले तीन महिने त्यास सोयीचे. तंबाखू, मिश्री, गुटखा व धूम्रपान यांविषयीं तर काय सांगावें? मिश्रीनें दांत बळकट होतात, या समजुतीनें आमच्याकडील कित्येक बायांनीं ती जन्मभर लावली. धूम्रपानानें तर हिरडींतील रक्तस्राव कमी दिसतो, आणि त्यामुळें रोग वाढत असतांहि मनुष्य स्वतःस निरोगी समजतो. रक्तदाब, फेफरें इत्यादिकांवरील कांहीं औषधांनीं हिरड्या फुगतात. अशीं औषधें अगर रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. दंतवैद्यास आधीं सांगावें. आणि सफाईनंतरहि रक्त थांबत नसेल तर त्याचें कारण इतरत्र शोधावें लागतें.

आमच्या नात्यांतील एक वृद्ध बाई कित्येक वर्षें मधुमेहानें पीडित आहेत. चूळ भरतांना पाणी तांबडें होई, तें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. घरांत लहान मुलांचे ताप व परीक्षा असतां आपल्या दांतांचें काय कौतुक, असें त्यांस वाटे. भाकर दुधांत कुसकरून त्या दिवस काढीत. अखेर नातसुनेनें मोरीवरचें तें पाणी पाहिलें आणि त्यांस हट्टानें दंतवैद्याकडे नेलें. चार खेपांत हिरड्यांखालची सफाई झाली. खालचे दोन दांत वांचण्याच्या पलीकडे गेले होते, ते काढावे लागले, बाकीचे राहिले. आज त्या पंक्तींत बसून भाकर खातात. ते दोन दांतहि दहा वर्षांपूर्वीं विचारपूस झाली असती तर बहुधा राहिले असते.

वैद्य कोठें शोधावा, हा प्रश्न पूर्वीं खरोखरच बिकट होता. हिंदुस्थानांतील पहिलें दंतवैद्यक विद्यालय कलकत्त्यास १९२० मध्यें निघालें. मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ मधलें. आणि विदर्भास नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय लाभलें तें १९६८ मध्यें. त्यापूर्वीं आमच्या वडीलधाऱ्यांस बाजारांत चादर पसरून बसणारा दांतवाला हाच काय तो आसरा होता. आज तशी स्थिति नाहीं. नांदुऱ्याच्या माणसास खामगांव, बुलढाणा, अकोला हीं ठिकाणें दूर नाहींत. तालुक्याच्या गांवींहि दंतवैद्य बसूं लागले आहेत. दंतवैद्यानें आपलें नांव सरकारी नोंदणींत घालावें, असा कायदा १९४८ मध्येंच झाला आहे. म्हणून नोंदणी पाहूनच तोंड उघडावें; एका पुडींत हलते दांत घट्ट करून देणाऱ्यापुढें उघडूं नये.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीची व्यवस्था लावणें सोपें आहे. गुढीपाडवा व दसरा यांमध्यें सुमारें सहा महिन्यांचें अंतर पडतें. हे दोन सण आले कीं घरांतील सर्वांचे दांत दाखविण्याचे दिवस ठरवावे, आणि कोणाच्या हिरड्यांतून रक्त येतें काय, हें प्रत्येकास नांव घेऊन विचारावें. मुलांस व कमावत्या पुरुषांस कोणीतरी विचारतेंच. ज्या सर्वांच्या मागून जेवतात, त्या आजी, काकू, सून यांस प्रथम विचारावें. त्या आपण होऊन सांगणार नाहींत, आणि हिरडी तर मुळींच बोलत नाहीं.