अडीचशे कोटींचा दंड, पण कुणाच्या खिशात?

एखाद्या कंपनीकडून ग्राहकांची माहिती फुटली की लोक म्हणतात, ‘आता कायदा आहे, अडीचशे कोटी भरावे लागतील.’ डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हा आकडा आहे खरा. पण त्याच्यावर विसंबलेला ग्राहक फसू शकतो.

गैरसमज : कायदा झाला, म्हणजे कारवाईही सुरू झाली.
कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली. नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. माहिती संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमं तेव्हाच लागू झाली. कंपन्यांवरची मुख्य बंधनं आणि दंडाची कलमं मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील असं ठरलं.

तोवर कंपन्यांना मोकळं रान आहे, हेही खरं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. ‘अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा’ ही बळजबरी आयोगाला मक्तेदारीचा गैरवापर वाटली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती वापरण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र उठवली.

गैरसमज : दंडाची रक्कम नुकसान झालेल्यांना मिळते.
एक रुपयाही मिळत नाही. सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जाते. अडीचशे कोटी ही सुरक्षेत कसूर केल्याबद्दलची कमाल मर्यादा आहे. चूक किती गंभीर, किती काळ चालली, पुन्हापुन्हा झाली का, हे पाहून मंडळ रक्कम ठरवणार.

याहून मोठी उणीव पुढेच आहे. संवेदनशील माहिती हाताळताना कंपनीने हयगय केली आणि कुणाचं नुकसान झालं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम रद्द होईल, आणि भरपाई देववण्याचा अधिकार नव्या मंडळाला दिलेलाच नाही. ज्याचं नुकसान झालं त्यालाच वगळणारी ही तरतूद बदलायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज : एकदा ‘मान्य’ दाबलं की आपले हात बांधले गेले.
इथे कायदा खरोखर ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. संमती ठरावीक कामापुरती आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधले सगळे संपर्क मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ती संमती संपर्कांना लागू होत नाही. हे उदाहरण कायद्यातच दिलं आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. सूचना मराठीत किंवा कोकणीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. वाद झाला, तर रीतसर संमती घेतली होती हे कंपनीनेच सिद्ध करायचं.

बिलाच्या काउंटरवर मोबाइल नंबरसाठी अडून बसू नये, असं ग्राहक व्यवहार विभागानेही मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं होतं.

गैरसमज : तक्रार थेट मंडळाकडे करायची.
आधी कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे जावं लागेल, म्हणून तिथली तक्रार लेखी करा आणि प्रत जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही, तर मंडळ. मंडळाचा आदेश पटला नाही, तर साठ दिवसांत दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे अपील. खोट्या किंवा उथळ तक्रारीसाठी ग्राहकालाही दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खऱ्या तक्रारदाराने त्याला घाबरायचं कारण नाही.