चालते करणारे यंत्र आणि अहमदपूर

पक्षाघाताने लुळा पडलेला पाय पुन्हा चालू लागतो तो सरावाने. मेंदूचा शाबूत भाग गमावलेले काम नव्याने शिकतो. त्यासाठी तेच पाऊल शेकडो वेळा टाकावे लागते. यंत्रमानव हे श्रम पेलतो. जैवप्रतिसादाचे उपकरण स्नायूंतील क्षीण हालचाल ध्वनी वा प्रकाशाने रुग्णास कळवते. भौतिकोपचारास यंत्राची जोड मिळाल्यास, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आधाराविना चालण्याची शक्यता वाढते, असे अभ्यास सांगतात. पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून आहे. परंतु पाचशे किलोमीटर दूर तीन महिने राहणे अहमदपूरच्या शेतमजुरास परवडणार कसे? त्याची मजुरी बुडते, सोबत्याचीही. यंत्र ही केवळ जोड आहे. म्हणून आधी तालुक्याला भौतिकोपचारतज्ज्ञ, मग लातूरला यंत्र, हाच क्रम न्याय्य होय.